हक्काची लाटी

दुपारची जेवणं झाली आहेत आणि मी जरा पाठ टेकली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडाही झालेला नाही. डोळ्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि डोळा तर नुसता खाजतोय. बाहेरच्या खोलीत माझी सून ऋजुता पापड लाटते आहे. सकाळी म्हणाली, "आई, जमलं तर चोळू नका हं." जमलं तर! लग्नाला तीन वर्षं होत आली, तरी ही पोरगी माझ्याशी पाहुण्यासारखी बोलते. लाटण्याचा आवाज लांब जातो, पुन्हा जवळ येतो.

उशाशी माई बसल्या आहेत. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक असावं. तो विषय आम्ही काढत नाही.

"शालन, कडा जाड राहिल्यात बघ."

मी खाली बघते तर पलंग नाहीच. वाईच्या घराची गच्ची आहे आणि माझ्यापुढे पोळपाट. कठड्यालगत डोळ्यांच्या दवाखान्यातली बाकं मांडली आहेत, त्यांवर आमचे पापड वाळताहेत.

"नवऱ्याला पापड द्यायचाय की ढाल?" माईंचा आवाज खाली, डोळे मोठे. आणि लगेच तेलात बुडवलेली लाटी माझ्या तोंडात.

माई अशा दटावायच्या. सासूबाई रागवायच्या, ते चार घरांना ऐकू जायचं. नणंद टोमणे मारायची, ते अंथरुणावर पडलं की बोचायचे. माईंनी दटावलं की मात्र पुढचा पापड नीट व्हायचा आणि जिभेवर हिंगाची चव राहायची. दटावणाऱ्याला आपली चूक दिसते आणि आपणही दिसतो. पण त्याला हक्क लागतो. परका माणूस फार तर सुचवतो.

"माई, तुम्ही गेल्यापासून मला दटावणारं कुणी उरलं नाही हो." मला रडूच येतं.

"का? सून आहे की."

"ती घाबरते."

"घाबरेल नाहीतर काय! तुझं तोंड बघून दूधसुद्धा उतू जायचं थांबेल. हक्क काय आपोआप येतो? तू नवी होतीस तेव्हा मला म्हणाली होतीस, 'चुकलं तर सांगा.' तू म्हणालीस, म्हणून मी दटावलं. तिला म्हणालीस का कधी?"

वाऱ्याने मिरपूड उडते, डोळ्यात जाते. मी हात उचलते आणि माई माझं मनगट घट्ट धरतात.

"काढा आधी तो हात! डोळा घालवायचाय का?"

माई मला कधीपासून अहो-जाहो करायला लागल्या?

मी जागी होते. मनगट ऋजुताच्या हातात आहे आणि माझी बोटं डोळ्याला टेकायचीच बाकी आहेत. ती पापड टाकून धावत आली आहे.

"सॉरी आई." तिचा चेहरा पडतो. "मी ओरडले तुमच्यावर."

"ओरडली नाहीस. दटावलंस."

तिला काहीच कळत नाही. ती हात सोडते. माझ्या मनगटावर तिची तेलकट बोटं उमटली आहेत, हिंगाचा वास येतोय. मी ते पुसत नाही.

"माझं चुकलं तर अशीच सांगत जा," मी म्हणते. "आणि दटावल्यावर लाटी द्यायची असते. आण."

आणि मी तोंड उघडून बसते.