जमीला चाचीचं पिस्ता नख

गेल्या चैत्रात धामणगाव बढ्यात एक बातमी फिरत होती. अशी की, ऐकणाऱ्यानं आधी इकडंतिकडं बघून घ्यावं आणि मगच कान पुढं करावा. जमीला चाचीचं म्हणे वरवट बकालला कोणीतरी आहे! साठी ओलांडलेली बाई, पाच वक्ताची नमाजी, नवरा जाऊन चौदा वर्षं झालेली. तिला तीनदा त्या वाटेच्या एसटीत चढताना लोकांनी पाहिलं. आणि तिसऱ्या खेपेला तर बोटाला चक्क पिस्ता रंगाची नेलपॉलिश.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं," शेजारच्या गिरणीवाल्या सत्यभामाबाई दळण टाकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या. "या वयात उगीच कोणी नख रंगवते का वं?"

नखाचं एवढं काय, असं कोणी परगावचा विचारेल. पण चाचीचं कटलरीचं दुकान तीस वर्षांचं, नेलपॉलिशच्या हजारो बाटल्या तिच्या हातून गेल्या, आणि स्वतःच्या नखाला तिनं कधी थेंब लागू दिला नव्हता. रंगाचा थर बसला की नखाला पाणी लागत नाही आणि नमाजेआधी हातपाय धुण्याची वजू पुरी होत नाही. मग नमाज कशी पढायची? म्हणून तिच्या बोटांना फक्त मेंदी. रंग तिला ठाऊक होते ते सगळे दुसऱ्यांच्या हातांवरचे.

ठाऊक मात्र असे होते की विचारू नका. फाल्गुन लागला की मरून, कॉफी, वांगी हे थंडीतले रंग फळीवर मागं जायचे आणि लिंबू, आंबा, राणी, पोपटी पुढं यायचे. त्यांच्याही पुढं फिक्यांची रांग: पिस्ता, मोतिया, आकाशी, बदामी गुलाबी. पत्र्याच्या दुकानात बाटल्या उन्हानं घट्ट होतात, म्हणून त्या माठाशेजारी ओल्या पोत्यावर. बाटली कोणी गदागदा हलवली की चाची ओरडायची, "ताक हाये का ते? तळहातावर फिरव, बुडबुडे येतीन!" नवऱ्यामुलींना सांगायची, "हळदीच्या आंधी फिका लावू नोको, पिवया पडन. वरातीले भडक, पंगतीले फिका."

आणि रंग निवडायचा तो चाचीनं. गिऱ्हाइकानं फक्त हात पुढं करायचा. ती तो उलटापालटा करायची, एक टोमणा हाणायची आणि बाटली ठेवायची. पंजाबरावांच्या गुबगुबीत सुनेला म्हणाली होती, "हे बोटं हायेत का केयाची फणी?" ती सून हसत हसत दोन बाटल्या घेऊन गेली. खोटं कशाला सांगा, अर्ध्या बाया रंगापेक्षा टोमण्यासाठीच यायच्या.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात धम्मशीला आली. गावातलीच पोर, लग्न ठरलेलं, सोबत वरवट बकालची होणारी नणंद. दुकान बायकांनी भरलेलं. पोरीनं हात पुढं केलाच नाही. तिनं स्वतःच पिस्ता रंगाची बाटली उचलली.

"चाची, हा द्या."

चाचीनं तिचा हात ओढून घेतला. सावळा, लांबसडक बोटांचा, निंदणाच्या कामानं राठ झालेला.

"अवं, हा रंग तुह्या बोटावर म्हंजे कोयशावर कुल्फी!"

दुकान खदखदून हसलं. नणंद तर इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. धम्मशीलाही हसली, आणि तिथंच चाची फसली. तिनं पिस्ता काढून घेतला, भडक राणी पोरीच्या हातात दिला आणि पुढच्या बाईचा हात धरला.

मग गेल्या फाल्गुनात धम्मशीलाची माय धाकटीच्या लग्नाच्या खरेदीला आली. आली ती मोबाइलवर थोरलीच्या लग्नाचे फोटो दाखवत बसली. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरी पांढऱ्याशुभ्र साडीत. चाचीचा अंगठा एकेका फोटोवर थांबायला लागला. प्रत्येक फोटोत पोरीच्या मुठी मिटलेल्या.

"हातं काऊन असे धरले वं तिनं?"

"राणी रंग पांढऱ्या साडीवर लय भडक दिसे म्हने. लग्नाच्या सकायी ब्लेडनं खरवडला तिनं. नखं सोलून निंघाले." मायनं मोबाइल खाली ठेवला. "नणंद तं अजून तिले कुल्फीच म्हणते, चाची. आता सासरचे लेकरंबी म्हणतेत."

पांढऱ्या साडीसाठी पिस्ता! पोरीनं किती विचार करून रंग उचलला होता, आणि चाचीनं साडी कोणती, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या दुपारी नमाज झाल्यावर तिनं दुकानाचं दार लोटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाला नेलपॉलिश लावली. पिस्ता. चाचीचा हातही सावळाच, धम्मशीलाच्या हाताला जुळेल असा. नख उन्हात धरून पाहिलं. रंग शोभत होता. छानच शोभत होता. म्हणजे तीस वर्षांच्या धंद्यात रंगाची पारख चुकली ती एका विनोदासाठी. तिनं नख पुसलं, पण जीव काही थाऱ्यावर येईना.

पहिल्या खेपेला ती धम्मशीलाच्या सासरगावी, वरवटच्या स्टँडवर उतरली, तोंडावर पाणी मारलं आणि आलेल्याच गाडीनं परत फिरली. दुसऱ्या खेपेला घर शोधत दारापर्यंत गेली, तर दारात नणंद. चाची गडबडली, म्हणाली, "इकडं आली होती मालाचं पाहाले," आणि धम्मशीलासाठी नेलेली पिस्ता रंगाची बाटली तिलाच देऊन आली!

तिसऱ्या खेपेला तिनं ठरवलं, तोंडानं बोलता येत नाही तर नख दाखवू. पहाटेची फजरची नमाज पढून एक नख रंगवलं, रिमूव्हरची बाटली पर्समध्ये टाकली आणि निघाली. धम्मशीला एकटीच होती. तिनं खाट टाकली, चहा दिला.

"चाची, तुमी आणि नेलपॉलिश? नवलच हाये!"

"कसा दिसते?"

धम्मशीलानं बोट हातात घेतलं. "साजरा दिसून राह्यला. तुमाले शोभते."

 चाचीला आता म्हणायचं होतं की, तुलाही शोभला असता बाई, माझं चुकलं. पण जिभेला तीस वर्षांची सवय.

"मंग! कोयशावरची कुल्फी हे अशी दिसते पाय!"

स्वतःवरच विनोद करायला गेली बिचारी. पोरीनं मात्र तेवढे दोन शब्द ऐकले आणि बोट सोडून दिलं.

"चहा थंडा होऊन राह्यला, चाची."

चाचीनं चहा एका घोटात संपवला. पोरगी स्टँडपर्यंत सोडायलाही आली, रीतीनं वागली, पाया पडली. गाडी सुटेपर्यंत दोघी ऊन किती वाढलं त्याबद्दल बोलत होत्या.

त्यानंतर चाची दुकानात टोमणे मारेनाशी झाली. हात पाहत नाही, निवडा म्हणते आणि बाटल्या पुढं सरकवते. बायांना करमेना. सत्यभामाबाईंनी लगेच निदान केलं की, प्रेमात पडलेली माणसं अशीच गप्प होतात.

वरवट बकालला जमीला चाचीचं कोणी नव्हतं. ती एका मुलीची माफी मागायला तीनदा गेली आणि तीनदा न मागता परत आली.