नदीचा आवाज न्यायला आलेली माणसं

आमच्या कामाची एक गंमत आहे. दिवसभर काठावर माइक धरून बसायचं, घरी येऊन फाइल उघडायची, आणि त्यात नदी सोडून बाकी सगळं सापडतं. कुणाची म्हैस सुटलेली असते, कुणाचं लग्न जुळत असतं, कुणी आमच्याबद्दलच बोलत असतं. कामाचं तेवढं आम्ही कापून घेतो. उरलेलं टाकवत नाही, म्हणून मी ते "कचरा" नावाच्या फोल्डरमध्ये ढकलत राहते. परवा समीर ते फोल्डर ऐकत बसला आणि म्हणाला, "ताई, आपल्या प्रोजेक्टपेक्षा कचरा भारी आहे."

तर आज कचरा सांगते.

आधी काम काय ते सांगायला हवं, कारण माझ्या आईलाही ते अजून समजलेलं नाही. ती दौंडमध्ये सगळ्यांना "पोरगी नदीखात्यात आहे" असं सांगते. आम्ही साउंड वॉक बनवतो. म्हणजे तुम्ही मोबाइलवर आमचं ॲप उघडायचं, हेडफोन लावायचा आणि नदीकाठानं चालायला लागायचं. तुम्ही कुठं पोचलात ते मोबाइलला कळतं आणि त्या जागेचा आवाज कानात सुरू होतो. घाटाशी आलात की घाटाची आठवण सांगणारं कुणीतरी, बंधाऱ्याशी आलात की पाणी. शिरूरला घोडनदीचा एक आणि दौंडला भीमेचा एक, असे दोन वॉक करायचे होते. टीम तिघांची. आवाज घेणारी मी. ॲप बनवणारा समीर, पक्का पुण्याचा, ज्यानं पहिल्या दिवशी मक्याला ऊस म्हटलं. आणि गाडी चालवणारे राजाराममामा. आम्ही नक्की काय करतो असं कुणी त्यांना विचारलं की ते लांबूनच हात हलवायचे. "मला न्हाई माहिती. मी फक्त ड्रायव्हर हाय."

*

पहिल्या दिवशी न्हावऱ्याच्या पुढं घोडनदीवर गेलो. माझ्या कानावर हे मोठे हेडफोन, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला माइक. वारा लागू नये म्हणून माइकवर करड्या केसांची टोपी असते, ती लांबून काठीला मांजर बांधल्यासारखी दिसते. समीरच्या हातात टॅब. आणि मामांची गाडी पांढरीशुभ्र, सरकारी दिसणारी.

आम्ही पात्रात उतरलो आणि पलीकडच्या काठाचा ट्रॅक्टर सुरू झाला. अर्धी भरलेली ट्रॉली घेऊन तो तसाच वर चढला आणि दिसेनासा झाला. त्याच्या मागून दुसरा गेला. फावडी घेतलेली माणसं बाभळीत गेली. दोन मिनिटांत नदीवर चिटपाखरू उरलं नाही.

समीर भारावून गेला. "किती समजूतदार लोक आहेत. रेकॉर्डिंग आहे म्हणून आपणहून आवाज बंद केला."

मामांनी गाडी वळवून, तोंड रस्त्याकडं करून ठेवली.

थोड्या वेळानं एक जाडजूड गृहस्थ बुलेटवरून आले. त्यांनी गाडीचा नंबर वाचला, माझी काठी पाहिली आणि फार अदबीनं विचारलं, "मॅडम, कुठल्या हापिसातनं?"

"हापिस वगैरे काही नाही. आम्ही नदीचा आवाज घ्यायला आलोय."

त्यांनी नदीकडं बघितलं. मग काठीवरच्या मांजराकडं बघितलं. मग म्हणाले, "वाळू गेली, मासं गेलं. आता आवाजबी नेताय व्हय?"

*

दौंडच्या बाजूला भीमेवर वेगळीच अडचण आली. पाणी भरपूर, पण काठावर ओळीनं पाण्याच्या मोटरी. एक संपली की दुसरी. नदी काय म्हणते ते ऐकायला कान लावला की फक्त घूं ऐकू येई.

समीरनं डोकं चालवलं. लाइट गेली की मोटरी बंद पडणार, तेव्हा आपल्याला शांत नदी मिळणार. शेजारच्या शेतात एक आबा पिकाला पाणी द्यायला दारं धरत होते. समीर त्यांच्याकडं गेला आणि अगदी आशेनं म्हणाला, "आबा, इथं लाइट साधारण कधी जाते?"

आबांनी फावडं टेकवलं. "आम्ही लाइट यायची वाट बघतो. तुम्ही जायची बघताय?"

"हो ना. आज जाईल का?"

"एरवी जाती की. पण आज तुमची इच्छा हाय म्हणल्यावर न्हाई जायाची ती."

पण दुपारी खरंच गेली. सगळ्या मोटरी एका दमात बंद. असा सन्नाटा की मला माझ्याच हाताचा आवाज हेडफोनमध्ये येत होता. पाण्याची बारीक चुळबुळ सुरू झाली होती. कुठंतरी खंड्या ओरडला. समीरनं डोळे मिटले. मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

आणि वरच्या शेतातून आवाज आला, "हॅलो, तुझ्याकडं हाय का लाइट?"

मग खालच्या शेतातून, "आमच्याकडंबी गेली. त्याला विचार बरं."

मग पलीकडच्या काठावरून कुणी फोनही न करता सरळ ओरडून विचारलं. लाइट परत येईपर्यंत अख्खी भीमा एकमेकांना तेवढंच विचारत होती. मोटरी सुरू झाल्या आणि सगळे गप्प झाले.

ती फाइल आम्ही वॉकमध्ये तशीच घातली. तिचं नाव "शांतता" आहे.

*

शिरूरमध्ये एक आजी आहेत, सरूआजी. नदीच्या गोष्टी सांगाव्यात तर त्यांनीच, असं सगळे म्हणायचे. आम्ही गेलो. आजींनी पूर आला होता तेव्हा त्यांचं पितळी पातेलं कसं वाहून गेलं आणि खालच्या वाडीत कुणाच्या तरी पंगतीत भाजीचं म्हणून कसं सापडलं, ते सांगितलं. काय सांगितलं म्हणून सांगू. पण ऐन पातेलं सापडायच्या वेळेला बाहेरून ट्रक गेला आणि त्यानं हॉर्न लावून धरला.

"आजी, परत एकदा सांगता? मध्ये ट्रक आला."

"सांगते की."

आणि आजींनी दुसरीच गोष्ट सुरू केली. तिच्यात पातेलं नव्हतं, बोकड होता.

"आजी, ती पातेल्याची."

"ती झाली न्हवं सांगून. परत तीच सांगायला मी काय टेप हाय?"

बोकडाच्या वेळी कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्या वेळी पुरात जावईच वाहून गेले. आजींचे जावई तेव्हा शेजारच्या खोलीत चहा पीत होते. ते दारात येऊन उभे राहिले.

मला काही कळेना. मी हळूच विचारलं, "आजी, यातली खरी कुठली?"

आजी म्हणाल्या, "जी तुझी नीट भरली, ती खरी."

*

आता मांडवगण फराट्याचं सांगते. आमच्यात एक पद्धत असते. कुठल्याही जागी रेकॉर्डिंग झालं की तिथली नुसती शांतता मिनिटभर भरून घ्यायची. पुढं कापाकापी करताना ती जोडायला लागते. पारावर दहा-बाराजण जमले होते. आठवणी सांगून झाल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आता आपण सगळ्यांनी एक मिनिट शांत राहायचं."

सगळे उठून उभे राहिले.

मला वाटलं, उभं राहून तर राहून. आबा लोकांनी टोप्या काढल्या. हात पुढं बांधले, माना खाली घातल्या. समीरही खाली मान घालून उभा राहिला. इतकी सुंदर शांतता मला आयुष्यात मिळालेली नाही.

तेवढ्यात मागून एकजण सायकलवरून आले. सायकल स्टँडला न लावता तशीच धरून तेही मान खाली घालून उभे. मिनिट संपलं तसं त्यांनी शेजारच्याला विचारलं, "कोण गेलं?"

शेजारच्यानं विचार केला. "ह्या पाहुण्यांच्यातलं हाय वाटतं कोणतरी."

हे मला नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं. तेव्हा आम्ही वायरी गुंडाळत होतो, माइक अजून चालूच होता. मामा गाडीशी उभे होते, त्यांच्याभोवती चारपाच माणसं जमली. एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लय वय होतं का?"

मामांना वाटलं आधीच्या गाडीबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "व्हय. बरंच झालं होतं. पण शेवटपर्यंत चांगली चालत होती."

"आजारपण?"

"दोनदा खोलून बघितली. मग म्हणलं, आता बास. ही दुसरी घेतली."

माणसं मागं सरकली. त्यानंतर चहा आला तो आम्हा दोघांनाच. मामांना कुणी दिला नाही.

*

दौंडच्या वॉकची चाचणी घ्यायची होती. शिक्रापूरच्या एका कारखान्यातली पोरं रविवारी फिरायला येतो म्हणाली. उत्तर प्रदेश, बिहार, लातूर, सगळीकडची. प्रत्येकाच्या कानात हेडफोन, सगळे एका ओळीत भीमेच्या काठानं निघाले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही बरेच मागून.

वॉकमध्ये एक जागा अशी आहे की तिथं माझाच आवाज येतो. "इथं थांबा. आता सावकाश मागं वळून बघा." कारण तिथून मागं रेल्वेचा पूल फार छान दिसतो. मराठी न समजणाऱ्यांसाठी हिंदीतही ठेवलंय.

पोरं त्या जागी आली. थांबली. आणि सगळी एकदम, सावकाश, मागं वळली.

पूल त्यांना दिसलाच नाही. मध्ये एक काका होते. टमरेल बाजूला ठेवून, नुकतेच बसलेले. त्यांच्या दृष्टीनं बघायला गेलं तर निर्जन काठावर पंधरावीस तरुण माणसं कानाला यंत्रं लावून अचानक थांबली होती आणि एक शब्द न बोलता त्यांच्याकडं वळली होती.

माझा आवाज पोरांच्या कानात सुरूच होता. "घाई करू नका. नीट न्याहाळा."

पोरं न्याहाळत राहिली.

शेवटी काकांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, फोटो काढू नका. घरी बांधायचं काम चालू हाय. नुसतं भांडं बसवायचं राहिलंय."

*

शिरूरच्या वॉकमध्ये घाटाच्या खाली एक डोह लागतो. त्या डोहाकडं जायची वाट बबनआबांच्या शेताच्या बांधावरून जाते आणि पाण्यात उतरायच्या पायऱ्या किसनआप्पांच्या अंगणाला लागून आहेत. म्हणजे दोघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तरी आमचा वॉक तिथंच संपला. आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

आबा शेतकरी, सोसायटीचे माजी चेअरमन. आप्पा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. शाळेपासूनचे दोस्त. भांडण झालं ते आबांच्या मुलाच्या लग्नात. आप्पांनी माइक घेतला आणि सांगितलं, लहानपणी ह्या नवरदेवाचा बाप घोडनदीत बुडत होता, मी बाहेर काढला म्हणून आज हे लग्न होतंय. आबांनी तिथल्या तिथं माइक काढून घेतला आणि सांगितलं, बुडत हा होता, काढला मी. आप्पा न जेवता घरी गेले. तेव्हापासून एका गल्लीत राहून दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नव्हतं. आप्पांच्या पत्नी सांगत होत्या, आप्पांनी त्यामुळं पहाटेचं फिरणंही बंद केलं होतं, कारण एकट्यानं फिरायची सवय नव्हती.

दोघांनी आपापली गोष्ट आम्हाला रेकॉर्ड करून दिली. आबा म्हणाले, "माझी लागली तर बांधावरनं या." आप्पा म्हणाले, "त्याची लागली तर पायऱ्या बंद."

मी दोन्ही ऐकल्या. शब्द न् शब्द सारखा. पाणी लाल होतं, भोवरा होता, नाकातोंडात पाणी गेलं, केसाला धरून वढला. फक्त कुणाचे केस, एवढाच फरक. आता दोघांच्याही डोक्यावर पुराव्याला काही शिल्लक नव्हतं.

तोडगा समीरनं काढला. डाव्या कानात आबा, उजव्या कानात आप्पा. दोघं एकदम.

उद्घाटनाला निम्मी गल्ली आली. आबा पुढं, आप्पा पार शेवटी, आणि मध्ये आबांच्या थोरल्या बहीण चंद्राअक्का, काठी टेकत. डोहापाशी सगळे थांबले. आबांनी थोडं ऐकलं आणि उजव्या कानावरचा हेडफोन बाजूला सारला. मागं आप्पांनी डाव्या कानावरचा. दोघंही आपापलं ऐकत माना डोलवायला लागले. एकानं जरी दुसरा कान लावला असता तर बांध गेला असता आणि पायऱ्याही.

तेवढ्यात चंद्राअक्का हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, थांबेचनात. त्यांनी दोन्ही कानांनी ऐकलं होतं.

"काय झालं, अक्का?" मी विचारलं.

"अगं, कोण कुनाला काढतंय? ह्या दोघांना आमच्या म्हशीनं काढलं. एकाच शेपटीला दोघं लोंबकळत आले, बोंबलत. मी हितंच धुनं धूत हुते. मीच दोघांच्या पाठीत धपाटे घातले."

आबांनी मागं वळून आप्पांकडं पाहिलं. आप्पा माणसांतून वाट काढत पुढं आले आणि आबांच्या शेजारी उभे राहिले.

आबा म्हणाले, "किसन, अक्काला आता काय ध्यानात राहत न्हाई, न्हाई का रं?"

"कुठलं राहतंय," आप्पा म्हणाले. "वय झालं."

मग आबांनी आप्पांच्या खांद्यावर हात टाकला, दोघं मिळून माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, आमच्यातली कुनाचीबी लावा. पण हिचं रेकॉर्ड करू नका."