ओळखीच्या माणसाला ‘नाही’

ईस्टरआधीच्या उपवासात दर शुक्रवारी न्यू मिन्स्टरच्या चर्चच्या तळघरात मासे तळले जातात, आणि माशांबरोबर गव्हर्नरही. मासा ठरलेला असतो, गव्हर्नर त्या वर्षी जो असेल तो. रोझेला स्ट्रूट वाढपाच्या खिडकीशी उभी राहून वर्षानुवर्षं हे ऐकत आली होती.

“आपल्या इलिनॉयमध्ये गव्हर्नर निवडायचा म्हणजे काय,” ताट घेऊन रांगेत उभा असलेला व्हर्लिन प्रॉब्स्ट म्हणाला, “तुरुंगातली एक खोली झाडून ठेवायची!”

“झाडायची कशाला? आधीच्यानं ऊबदार करून ठेवलेली असते,” मागून कोणीतरी म्हणालं आणि रांगभर हशा पिकला.

“व्हर्लिन, बोलून झालं असेल तर पुढं सरक,” रोझेला म्हणाली. “मासा तुझ्यासाठी थांबेल, पण तुझ्यामागची माणसं थांबायची नाहीत.”

व्हर्लिन तिचा शेजारी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, पण अजूनही मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जाईल अशाच आवाजात बोलायचा. रोझेला त्याच्या विनोदांना हसत नसे. एका गव्हर्नरनं जत्रेत तिच्या नवऱ्याशी, क्लेटसशी, हात मिळवला होता. क्लेटस संध्याकाळपर्यंत तो हात मिरवत होता. पुढं त्याच गव्हर्नरला बेड्या पडल्या. रोझेलानं त्याला मत दिलं होतं, त्याच्यासाठी जपमाळही ओढली होती. त्यानंतर तिनं मतदानाला जाणंच सोडलं. क्लेटस मात्र जात राहिला. “मी नाही गेलो तर त्यांना बरंच वाटेल,” एवढंच तो म्हणायचा. आता त्याला जाऊन तीन हिवाळे झाले होते.

घर मात्र होतं. क्लेटसनं स्वतः बांधलेलं, मागं भाजीची जागा असलेलं. कर्ज कधीच फिटलं होतं, तरी घरपट्टी दर वर्षी अशी चढत होती, जणू ते घर कोणाकडून भाड्यानं घेतलंय. म्हातारपणाची सवलत मिळायची, पण पट्टी त्या सवलतीच्याही पुढं पळायची. आणि आता टाउनशिपनं, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या स्थानिक मंडळानं, नवं ऑफिस आणि बर्फ हटवायच्या गाड्यांसाठी मोठी शेड बांधायचं काढलं होतं. त्याचा भार घरपट्टीवर पडणार हे उघड होतं, आणि रोझेलाच्या पेन्शनला आणखी ताण सोसणार नव्हता.

सेंट लुईसला राहणाऱ्या मुलीनं, मार्सियानं, फोनवर स्पष्टच सांगितलं, “आई, किती दिवस त्या घरासाठी पोटाला चिमटा काढणार? ईस्टर झाला की माझ्या ओळखीचा घरांचा दलाल येईल. नुसतं बघू तर दे त्याला.”

“बघू दे,” रोझेला म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मागच्या दाराशी उभी राहिली. गुड फ्रायडेला बटाटे लावायचे, हा त्या गावचा रिवाज. जमीन थंड असो, ओली असो, त्या दिवशी बटाटा मातीत गेलाच पाहिजे. या वर्षी तिनं बियाण्याचे बटाटे आणले नव्हते. घर विकलंच, तर दुसऱ्या कोणाच्या जेवणासाठी आपण कशाला वाकायचं?

नव्या शेडची जमीन होती डॅरेल वेन्टेच्या मेहुण्याची, आणि डॅरेल होता टाउनशिपचा प्रमुख. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. रोझेलाला तर ते बोलणं अधिकच जड. डॅरेलच्या बाप्तिस्म्याला क्लेटस त्याचा धर्मपिता झाला होता. लहानपणी डॅरेल शाळेतून परस्पर तिच्या स्वयंपाकघरात यायचा आणि बरणीतली बिस्किटं संपेपर्यंत हलायचा नाही.

एका दुपारी टाउनशिपच्या दारावर वार्षिक सभेची सूचना लागलेली तिला दिसली. एरवी ती कोणी वाचत नसे. तिनं चष्मा लावून वाचली. जमीन घ्यायला मतदारांची संमती लागणार होती. हजर असतील त्या मतदारांची. तिला क्लेटस आठवला. तो दर एप्रिलमध्ये या सभेला जायचा आणि कॉफी निवायच्या आत परत यायचा. “चार माणसं होतो. ‘हो’ म्हटलं आणि आलो.”

म्हणजे गव्हर्नर दूर राजधानीत होता खरा, पण हा एक दरवाजा आपल्याच रस्त्यावर होता आणि कित्येक वर्षं सताड उघडा होता.

पुढच्या शुक्रवारी तिनं प्रत्येक ताटात माशाबरोबर एक वाक्य वाढलं. “मंगळवारी, टाउनशिपच्या हॉलमध्ये.”

“कशाला?” व्हर्लिननं विचारलं.

“गव्हर्नरबद्दल जे इथं बोलतोस, ते डॅरेलसमोर बोलायला.”

व्हर्लिनचं ताट हवेतच राहिलं. “डॅरेलसमोर? अगं, त्यानं माझ्या आईच्या मयताला रस्ता मोकळा करून दिला होता. भर बर्फात.”

“क्लेटसच्या वेळी मलाही दिला होता. तरी ये.”

मंगळवारी खुर्च्या कमी पडल्या. भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. डॅरेलच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं, पण त्याच्या आईनं, अर्मानं, नेहमीप्रमाणं दालचिनीचा केक करून आणला होता, आणि इतके लोक बघून तिनं त्याचे लहान लहान तुकडे केले. सगळ्यांनी घेतले. नाही कोण म्हणणार?

आणि तिथंच घोटाळा झाला. सभाध्यक्ष म्हणून नॉर्बर्टला निवडलं, तो दर वर्षीच असायचा. त्यानं जमिनीचा ठराव वाचला आणि विचारलं, “बाजूनं असतील त्यांनी ‘हो’ म्हणा.”

पुढच्या दोन रांगांतून खणखणीत ‘हो’ आला.

“विरुद्ध?”

हॉल चिडीचूप. अर्माचा केक सगळ्यांच्या तोंडात होता, आणि अर्मा पहिल्या रांगेत विणकाम करत बसली होती. व्हर्लिन आपल्या टोपीच्या आतलं अस्तर निरखत होता. वर्षभर गव्हर्नरला सोलून काढणारी ही माणसं ओळखीच्या माणसासमोर मुकी झाली होती. रोझेलाच्या तोंडूनही शब्द फुटला नव्हता.

“ठराव मंजूर...” नॉर्बर्ट म्हणू लागला.

रोझेला उठली. “नॉर्बर्ट, मोजून घे.”

“रोझेला, झालं ना आता.”

“नाही झालं. आवाजावरून आमचं कोणाचंच कळायचं नाही, आमच्या तोंडात केक आहे. माणसं उभी कर. ‘हो’वाले खिडकीकडे, ‘नाही’वाले दाराकडे.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. नॉर्बर्टनं डॅरेलकडे पाहिलं, मग हातातल्या नियमांच्या पुस्तकाकडे, आणि सुस्कारा सोडला. “मागितलं तर मोजावंच लागतं.”

रोझेला हॉल ओलांडून दाराशी गेली. एकटीच. तिथं वळून म्हणाली, “डॅरेल, तू हिवाळ्यात रस्ते चांगले ठेवतोस, ते कोणी नाकारत नाही. पण जमीन तुझ्या मेहुण्याची आहे, आणि हे तू स्वतः उठून सांगायला हवं होतंस.”

डॅरेलचे कान लाल झाले. “मावशी, मी काही लपवलेलं नाही.”

“लपवलं नाहीस. सांगितलंही नाहीस.”

मग व्हर्लिननं टोपी डोक्यावर चढवली, हातातला उरलेला केक घाईघाईनं गिळला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. “क्लेटस असता तर तुझ्याआधी आला असता,” तो पुटपुटला. त्याच्यामागं भिंतीकडची माणसं सुटी झाली. पाय घासत, एकमेकांकडे न बघता, दाराकडे इतकी गर्दी झाली की कोणाला तरी बाहेर पायरीवर उभं राहावं लागलं आणि त्यालाही मोजणीत धरलं. अर्मा मात्र जागची उठली नाही. ना खिडकी, ना दार. तिच्या सुया तेवढ्या थांबल्या होत्या.

ठराव पडला.

त्या शुक्रवारी डॅरेल माशांच्या रांगेत आला तेव्हा पुढचे-मागचे बोलायचे थांबले. रोझेलानं त्याच्या ताटात मासा ठेवला, मग आणखी एक.

“मला वाटलं शेपटीच मिळेल,” तो म्हणाला.

“शेपटी व्हर्लिनची. तो नेहमी उशिरा येतो.”

डॅरेल जागचा हलला नाही. “मावशी, जुन्या शेडचं छप्पर गळतं. ते खोटं नाही.”

“मग छपराचं विचार. सगळ्यांसमोर, खर्चासकट. छपराला मी ‘हो’ म्हणेन.”

त्यानं मान हलवली. समेट झाला असं म्हणता यायचं नाही, पण ताट घेऊन तो बाहेर न जाता तिथंच जेवला.

घरी गेल्यावर रोझेलानं मार्सियाला फोन लावला. “त्या दलालाला येऊ नको म्हण.”

“आई, घरपट्टी काही कमी झालेली नाही!”

“नाही झाली. पण वाढायच्या आधी यांना आता मला विचारावं लागेल. तेवढ्यावर मी काही वर्षं काढीन.”

गुड फ्रायडेला आभाळ भरलेलं होतं आणि माती बुटांना चिकटत होती. रोझेला डोळे असलेले बटाट्याचे तुकडे सरीत ठेवत चालली होती. कुंपणापलीकडून व्हर्लिननं हाक मारली, “पुढच्या वर्षी गव्हर्नरची निवडणूक आहे. तुला गाडीतून नेऊ?”

“ने. पण वाटेत तुरुंगाचे विनोद नकोत.”

“मग वाटभर बोलायचं काय?”

“रस्त्यावरचे खड्डे दाखव,” ती माती सारत म्हणाली. “डॅरेलला सांगायचेत.”