मानेचा पट्टा

आमच्यात भासऱ्यांकडे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाकडे, धाकट्याच्या बायकोनं तोंड करून बसायचं नाही. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या छोट्या घरात ही रीत मी लग्नापासून पाळली. साड्यांना फॉल-पिको करायचं माझं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात. उजव्या हाताला भासऱ्यांचा दिवाण. रिटायर झाल्यापासून ते दिवसभर त्यावरच. मी डोक्यावर पदर घेऊन, तोंड डावीकडे भिंतीला करून तिरक्या नजरेनं शिवायची.

पन्नाशीच्या तोंडावर मान धरली ती सोडेना. एक्स-रे चांगला, रक्तही चांगलं. उशी बदलली, तेल चोळलं, भर उन्हाळ्यात गळ्यात पट्टा बांधून फिरले. भासरे माझ्याशी कधी बोलत नसत. टीव्हीकडे बघत नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, हे मशीनचंच दुखणं आहे. विकून टाक म्हणा. तसंही मले बातम्या ऐकू येऊन नाही राहिल्या."

"विकून टाकू नं वं," नवरा म्हणाला. "दादा काय खोटं बोलून राहिले?"

त्या घरात माझं म्हणावं असं ते मशीनच होतं. माझ्याकडे न बघताच ते काढून घ्यायला निघालेल्या माणसाचा मला भयंकर राग आला.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, "मशीनवर बसता तशा बसून दाखवा." मी हात पुढे धरले.

"कपडा तर समोर आहे. मग तोंड तिकडे काहून फिरवलं? या बाजूनं कोण बसलं आहे?"

त्या बाजूला नुसतं पाण्याचं पिंप होतं, आणि मी त्याच्यापासून तोंड लपवून बसले होते. मला रडू आलं नाही. मला सूड घ्यावासा वाटला.

बाईंनी व्यायाम दिला. मधून मधून काम थांबवायचं, मान सावकाश उजवीकडे वळवायची, तिथेच धरायची, श्वास सोडायचा.

घरी येऊन पदर कमरेला खोचला आणि सुरू झाले. मान वळली की नजर सरळ भासऱ्यांच्या तोंडावर. आधी ते खोकले. मग पेपर आडवा धरला. शेवटी नवऱ्याला म्हणाले, "हे काय लावलं गा हिनं?"

"डॉक्टरनं सांगितलं जी," मीच बोलले. "दिवसभर करा लागते."

भावाच्या बायकोच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही रीत त्यांनाही होतीच. ते दाराकडे तोंड फिरवून टीव्ही ऐकू लागले. माझी मान हळूहळू सुटली. बाई म्हणाल्या, आता व्यायाम कमी केला तरी चालेल. मी उलट वाढवला.

दिवाळीच्या आधी भासरे नवऱ्याला विचारत होते, मान धरली तर काय लावावं. मी मशीन थांबवलं, कपाटातून माझा पट्टा काढला आणि त्यांच्या पुढ्यात दिवाणावर ठेवला. उन्हाळाभर घामानं भिजलेला तो पट्टा मी मुद्दामच धुतला नव्हता.