तांब्यावरचं नाव

तार हातात पडली तेव्हा मी तासगावच्या शाळेतून नुकताच घरी आलो होतो. "लक्ष्मीबाई वारल्या. लगेच या." मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. आमच्यात लक्ष्मीबाई कोण? बायकोनं तार घेतली, खालचं भाच्याचं नाव वाचलं आणि म्हणाली, "अहो, आपल्या सोनाक्का गेल्या." थोरल्या बहिणीच्या मरणाची बातमी मला अशी दोनदा वाचावी लागली. लग्नात ताटातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि सोनाची लक्ष्मी झाली, पण आम्हा माहेरच्यांच्या तोंडात ते नाव कधी बसलं नाही. तिला हे कळलं असतं तर पोट धरून हसली असती. "बाळू, मास्तर झालास आन् बहिणीला वळखना व्हय रं?"

आता महिना होत आला. तिच्याविषयी लिहायचं तर आधी तिच्या आईविषयी लिहायला हवं, कारण सोनाक्काची शेवटची सगळी वर्षं त्या एका बाईला शोधण्यात गेली. सोनाक्का आणि मी सावत्र भावंडं. आमचे वडील, अण्णा, उंब्रजचे. त्यांची पहिली बायको कुंडलची. सासरी तिचं नाव रुक्मिणी. एका दुष्काळात मुकादमानं ठिकठिकाणची माणसं चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत नेली, त्यांत उंब्रजचं हे एकच जोडपं गेलं. तेव्हा बायकाही खाणीत उतरत. नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलीतून वाहून नेई. चार-पाच वर्षांच्या सोनाला कुंडलला आजीकडे ठेवलं होतं. पुढे अण्णा तापानं फणफणले आणि एकटेच घरी परतले. पैशांसाठी ती मागे राहिली. अण्णा उठून बसायला लागले तोवर मुकादम आला आणि त्यानं सांगितलं, "तुमची बाई कुणाबरोबर तरी निघून गेली."

अण्णा बघायला गेले नाहीत. त्यांनी दुसरं लग्न केलं, मी झालो, आणि त्या बाईचं नाव घरात कुणी काढलं नाही. गावानं मात्र ते जपून ठेवलं होतं. सोनाक्काच्या लग्नाच्या वेळी ते बरोबर बाहेर आलं. पळालेलीची पोर म्हणून तीन ठिकाणांहून नकार आले आणि शेवटी तिला सांगलीच्या एका बिजवराला दिली. भावोजी माणूस भला होता, पण माझ्या बहिणीनं आयुष्यभर मान खाली घालावी असं तिनं काय केलं होतं? अण्णांचा मला आजही राग येतो. वडील असले म्हणून काय झालं.

सोनाक्काला मात्र आई पळाली हे कधीच पटलं नाही. तिच्याकडे एक तांब्याचा जड तांब्या होता. खाणीकडे निघताना आईनं तो लेकीच्या हातात दिला होता, "परत आल्यावर दे" म्हणून. "जी बाई पळनार आसती ती आसं सांगून जाती व्हय?" सोनाक्का म्हणायची. मी म्हणायचो, पण पुरावा कुठं आहे?

खाणी सरकारजमा झाल्या त्या सुमारास पलूसकडचा एक मुलगा तिकडे नोकरीला लागला. सुट्टीत आला असताना बोलता बोलता सोनाक्काला म्हणाला, अपघातांची जुनी रजिस्टरं अजून तिथं पडून आहेत. झालं. सोनाक्का दुसऱ्याच दिवशी एसटीनं तासगावात माझ्या दारात हजर. "कवा निघायचं?" मी आधी पत्रं लिहू म्हटलं. लिहिली. उत्तर आलं की रुक्मिणी नावाची नोंद आढळत नाही. "त्यांनी नीट बगितलं नसंल," असं म्हणून तिनं मला दिवाळीच्या सुट्टीत गाडीत बसवलं. सगळ्या प्रवासात तो तांब्या पाणी भरून तिच्या मांडीवर. मला म्हणे, तू फुलपात्रातनं पी.

तिथं पत्र्याच्या खोलीत एका कारकुनानं इंग्रजी नोंदी आम्हाला वाचून दाखवल्या. छत कोसळून मेलेले, पाण्यात सापडलेले, कोळशाचे डबे अंगावरून गेलेले... बायकांची नावं पुष्कळ होती. रुक्मिणी नव्हती. सोनाक्का प्रत्येक नावाला मान हलवत होती आणि शेवटी म्हणाली, "परत येतो." कारकुनाला वाटलं असेल, म्हातारी तोंडदेखलं बोलते आहे.

खरं सांगायचं तर मी ते प्रकरण मनातून मिटवलं होतं. मग सोनाक्काच्या पोटाचं ऑपरेशन झालं. सांगलीच्या दवाखान्यात मी उशाशी होतो. भूल उतरत असताना नर्सनं गालावर थोपटत विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" ती म्हणाली, "सोना. कुंडलची." नर्स गोंधळली, कारण कागदावर लक्ष्मीबाई होतं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. संध्याकाळी चांगली शुद्धीवर आल्यावर मी ही गंमत तिला सांगितली. ती हसली, टाके दुखले म्हणून थांबली.

"बाळू," ती म्हणाली, "आई तितं एकटीच हुती की रं. सासरचं कुनी न्हाई, हाक मारणारं कुनी न्हाई. तिला इचारलं आसंल तर तिनं कंचं नाव सांगितलं आसंल?"

तिच्या आईचं माहेरचं नाव हौसा. कुंडलची आजी मरेपर्यंत "माजी हौसा" म्हणत रडायची. आम्हा सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही ते सुचलं नव्हतं. मी तर मूर्खासारखा जिथंतिथं अण्णांचं नाव आणि आडनाव लावून शोधत होतो.

टाके सुकले तशी ती निघाली. डॉक्टर नको म्हणत होते, भाचा चिडला, मीही रागावून बघितलं. "तुला यायचं नसंल तर पत्ता लिवून दे," म्हणाली. गेलो. तोच कारकून, तीच खोली. या खेपेला नाव सापडायला फार वेळ लागला नाही; मागच्या वेळी त्यानं गावं वाचली नव्हती, आणि हौसा हे नाव आमच्या कानांवरून तसंच गेलं असणार. टोपली भरताना छताचा कोळसा अंगावर पडला. एक स्त्री मृत. हौसा, बापाचं नाव बाळा, गाव कुंडल. अण्णा परतले त्यानंतरच्याच महिन्यातली तारीख. म्हणजे मुकादम गावात येऊन ते बोलला तेव्हा तिला मरून कितीतरी दिवस झाले होते. भरपाईची झंझट टाळायला तो खोटं बोलला असणार... आता कुणाला विचारणार?

"कुटं हाय? बोट ठिवा," सोनाक्का म्हणाली. कारकुनानं ठेवलं. त्याच्या बोटाशेजारी तिनं आपलं बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग विचारलं, "फुडं काय लिवलंय?"

"वारस कोणी आला नाही," कारकुनानं वाचलं.

"आता आलाय. ते खोडा आन् लिवा."

"बाई, जुन्या नोंदीत मला काही बदलता येत नाही. नक्कल देतो, शिक्का मारून देतो."

तिनं खूप घासाघीस केली. तो माणूस भला होता, पण नियम नियमच. नक्कल घेऊन आम्ही निघालो. गाडीत ती रडली नाही, मीच रडलो.

घरी न जाता ती सरळ उंब्रजला उतरली. पळाल्याची गोष्ट गावभर केली होती ती आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी. ते ओट्यावर उन्हाला बसले होते. मी नक्कल वाचून दाखवली.

"मुकादमानं सांगितलं, आमी ऐकलं गं पोरी," तात्या म्हणाले.

"आवं तात्या, मुकादमाचं ऐकलं तसं आता माजं ऐका. आन् तवा जितं जितं सांगितलं, तितं तितं जाऊन सांगा."

तात्या गेले. काठी टेकत, बाजाराच्या दिवशी, ओळखीच्या एकेका माणसापाशी थांबून त्यांनी ते सांगितलं. लोकांना आता त्या बाईची आठवणही नव्हती, तरी सांगितलं. त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात सोनाक्कानं मला बजावलं, "ती आन्नांच्या आदी गेली. सवाष्ण गेली. नवमीला पान मांडायचं, आन् तूच मांडायचं." मी मांडलं, तेव्हापासून दरवर्षी मांडतो. तिनं तासगावात तांब्यावर "हौसा" असं नाव घालून घेतलं आणि नवमीच्या पाण्यासाठी तो माझ्याकडे दिला. देताना म्हणाली, "सगळं झालं बग. तेवढी एक वळ खोडायची ऱ्हायली."

ती ओळ तिला शेवटपर्यंत खुपत होती. आजारपणातही दोनदा म्हणाली.

तिचे दिवस झाल्यावर मी तांब्या घेऊन त्याच नावं घालणाऱ्याकडे गेलो. "खाली जागा आहे," तो म्हणाला. "काय घालू?" मी कागदावर लिहून दिलं. त्यानं छिन्नी टेकवून ठोकायला सुरुवात केली आणि मी शेजारी उभा राहून एकेक अक्षर उमटताना बघितलं. तांब्या आता स्वयंपाकघरात आहे, त्यात रोज पाणी भरतो. वर हौसा. खाली, वारस सोना.