वसंताच्या मापाचा अंगरखा

माप घ्यायच्या आधी कमलाकाकू माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "अजून वाढला का गा?" मला कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी प्रश्न तोच. "आता वाढलं तर पोटच वाढेल, काकू," मी म्हणायचो. त्या हसायच्या आणि टेप तेवढा सैल सोडायच्या.

नागपुरात महालातल्या आमच्या गल्लीत दर गणपतीत ऐतिहासिक नाटक व्हायचं. सरदार-मावळ्यांचे अंगरखे काकू शिवायच्या. माझा अंगरखा बेतायचा म्हणजे ओसरीभर पसारा. जुनी वर्तमानपत्रं खळीनं चिकटवून मोठा कागद करायचा, त्यावर मोठाल्या चौकटी आखायच्या. शेजारी खाकी कागदाचा एक लहानसा नमुना, त्यावर बारीक चौकटी. लहान चौकटीत रेघ जशी वळेल तशीच मोठीत वळवायची. तोंडात पेन्सिल धरून काकू गुडघ्यांवर सरकत असायच्या. कागदावर कुणाचा पाय पडला की त्याची धडगत नसे. "डोये फुटले काय गा तुये?"

तो लहानसा नमुना वसंताचा. वसंता काकूंचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वर्गातला. दुसरीत असताना आम्ही दोघं गल्लीच्या नाटकात मावळे झालो होतो, तेव्हा काकूंनी तो काढला. त्याच हिवाळ्यात वसंता तापानं गेला. पुढे बाकीच्या नटांचे अंगरखे त्या ज्याच्या-त्याच्या मापाचे बेतायच्या. माझा मात्र वसंताच्याच नमुन्यावरून वाढवायच्या.

आता लहान मुलाचं डोकं मोठं, खांदे अरुंद. तो नमुना कितीही वाढवा, बाप्याच्या अंगावर गळा ढगळच होणार. दरवर्षी मी गळ्याला आतून पिन लावून उभा. एकदा भर दरबारात पिन सुटली, अंगरखा खांद्यावरून घसरला आणि पब्लिक जे हसलं! मी तणतणत काकूंकडे गेलो. "माह्यासाठी नवीन नमुना काढा न! काहून हट्ट करता?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मले समजत नाही का गा? पण नवा काढला त तो तुह्या होईन. याच्यात मले दिसते, माह्या वसंता आज केवढा झाला असता."

त्यानंतर मी जास्तीच्या पिना जवळ ठेवू लागलो.

मग माझी सुनंदा दुसरीत गेली आणि शाळेच्या नाटकात मावळा झाली. मला धाकधूक होती, पण काकूच हरखल्या. "मावया होते का वं? ये, माप दे!" माप घेता घेता त्यांचा हात थांबला. त्यांनी तो खाकी नमुना काढला आणि चौकटी न आखता तसाच कापडावर ठेवला.

सुनंदानं अंगरखा घातला. खांदे, बाह्या, बंद, सगळं जिथल्या तिथे. गळा तर असा बसला की बोटभर फट नाही. पोरगी गिरक्या घेत होती. काकूंनी तिला थांबवलं, गळ्यावरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसल्या.

"एवढासाच होता गा तो," त्या मला म्हणाल्या. "मीच उगाच त्याले वाढवून राहिली होती."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

पुढच्या गणपतीआधी माप द्यायला गेलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, म्हणून मीच म्हणालो, "काकू, वाढलो बरं का मी." "असू दे गा," म्हणाल्या आणि मुकाट्यानं टेप लावला. ओसरीत वर्तमानपत्रं नव्हती.

काकूंनी शिवलेला तो शेवटचाच अंगरखा. नाटक झालं आणि थंडी पडायच्या आत त्या गेल्या. त्या नाटकाच्या दिवशी विंगेत मी तो चढवला आणि सवयीनं पिन घेऊन हात गळ्याशी नेला. गळा चोख बसला होता. पिन तशीच हातात धरून मी ढसाढसा रडलो.