जोडी फोडायची नसते

जगातल्या यच्चयावत वस्तूंना चार पाय असतात, असा आमच्या थोरल्या साडूंचा ठाम समज होता. ज्यांचे दिसत नाहीत, त्यांनी ते पोटाखाली दुमडून घेतलेले असतात, इतकंच. साडू घोडेगावच्या दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते. दर बाजाराला इतक्या जनावरांचे खूर, जिभा आणि शेपट्या त्यांच्या हाताखालून जात, की माणसंसुद्धा त्यांना त्याच नजरेनं दिसू लागली होती. माझ्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलो होतो, तर हे गृहस्थ पुढं आले, माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली, जबडा निरखला आणि भर मांडवात सासऱ्यांना म्हणाले, "पाठ सरळ हाय. डोळ्यात पानी न्हाई. घ्या!" मी तेव्हापासून त्यांचा मिंधा आहे. त्यांच्या घरचा रेडिओ खरखरू लागला की त्याला घटसर्प झालेला असे. पावसाळ्यात दार फुगून बसलं की ते फळीला कान लावून पोटफुगीचं निदान करत. एकदा आमच्या शिवणयंत्राला त्यांनी तीन दिवस विश्रांती सांगितली, आणि सांगायला लाज वाटते, पण चौथ्या दिवशी ते चालू लागलं.

पण त्यांचा खरा जीव होता तो फटफटीवर. ती त्यांच्याकडे आली तेव्हा तिचे आधीच तीन धनी झाले होते. दवाखान्याच्या कपाटात तिचा रीतसर केसपेपर होता. 'रुग्ण : फटफटी. वय : अंदाजे बारा. दूध : नाही. स्वभाव : गरीब, पण थंडीत अडते.' किक मारण्याआधी ते टाकीवरून हात फिरवत आणि "चल माय" म्हणत. लांबून आल्यावर तिला लगेच सावलीत बांधत नसत, म्हणजे लावत नसत. आधी घाम जिरू देत. आणि बैल पाणी पिताना शेतकरी जशी लांबलचक शीळ घालतात, तशी शीळ हे पेट्रोल भरताना घालत. नगरच्या पंपावरचा माणूस पहिल्यांदा बुचकळ्यात पडला. पुढं पुढं डॉक्टरांची शीळ थांबल्याशिवाय तोही नळी काढेनासा झाला.

या फटफटीच्या मागच्या चाकाला दोन अंगांना दोन शॉकअप होते. स्प्रिंगची नळकांडी ती, आत तेल. खड्ड्याचा दणका आपण गिळायचा आणि वर बसलेल्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. त्यातला डावा म्हातारा झाला आणि तेल गाळू लागला. डॉक्टरांनी आधी घरगुती इलाज केला. नळकांड्यात एरंडेल भरलं. एरंडेलाचा जनावरावर जो परिणाम होतो तोच फटफटीवरही झाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलं. आणि मग एक दिवस इमामपूरच्या घाटात तो घात झाला. एका खड्ड्यानं फटफटीचं मागचं अंग असं उसळलं, की मागं बसलेल्या आक्का, म्हणजे त्यांची मंडळी आणि माझी थोरली मेहुणी, उडून रस्त्यावर कंबरेवर पडल्या. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली ती धरलीच. रात्रीची झोप गेली. माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दणका बसता कामा नये. तेव्हा आक्कांना एसटीही बंद. आक्कांचं माहेर जामखेडला. तिथं आमच्या सासूबाई, त्यांना प्रवास झेपत नाही. वर्ष झालं, मायलेकींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. भाड्याची मोटार करू म्हटलं, तर आक्का म्हणाल्या, "ज्यानं पाडलं त्यानंच न्यावं. आधी त्या फटफटीचं दुखणं काढा, मग मी बसते. पण यंदाच्या भाऊबीजेला मला आईला बघायचंय."

हे सांगताना डॉक्टर फटफटीच्या टाकीवरून हात फिरवत होते. "मास्तर, साऱ्या तालुक्याची पडलेली जनावरं उठवतो मी," ते म्हणाले, "आन् घरची लक्ष्मी पाडून ठेवली." ही दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. आम्ही दोघं त्याच पावली भिंगारला उस्तादांच्या गॅरेजात गेलो, आणि काय सांगू, उस्तादांकडे त्याच जातीचे कोरे करकरीत दोन शॉकअप नुकतेच मुंबईहून आले होते! डॉक्टरांनी दोन्ही उचलून छातीशी धरले. इथं माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. मी म्हटलं, उजवा धडधाकट असताना बदलायचा कशाला? उस्तादांनीही मान डोलावली. "एकच गेलाय साहेब. दुसरा अजून दोन साल चालतो."

"मास्तर, एक बैल थकला म्हनून त्याच्या जोडीला कोवळा गोऱ्हा जुंपत न्हाईत," डॉक्टर म्हणाले. "त्यो वढतो, ह्यो फरफटतो, आन् जू वाकडं हुतं. जोडी फोडायची नसते." मी खिशातला खडू काढला, गॅरेजच्या फरशीवर चाक काढलं, बाण काढले, भार काढला आणि बैल आणि यंत्र यांतला फरक त्यांना समजावून सांगितला. डॉक्टरांना एक वाईट खोड होती, ते शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकत. त्यांनी एक शॉकअप परत ठेवला. ठेवताना त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला तेव्हाच उमगायला हवी होती.

नवा शॉकअप डाव्या अंगाला बसवून घेतला आणि विज्ञानाचा विजय पाहायला मी स्वतः मागं बसलो. जेऊरपर्यंत ठीक होतं. पुढं प्रत्येक खड्ड्याला उजवी बाजू खाली बसायची आणि डावी ताठ राहायची. फटफटी चक्क लंगडू लागली. इमामपूरच्या एका वळणावर तिनं कुल्ला असा काही झटकला, की मी थेट कडेच्या जोंधळ्यात. डॉक्टर धावत आले, माझे हातपाय दाबून पाहिले, खालची पापणी ओढून पाहिली आणि "काय मोडलं न्हाई" म्हणाले. मला बोल लावला नाही. फक्त फटफटी उभी करताना एकदा पुटपुटले, "जू वाकडं झालं." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भाऊबीज तीन दिवसांवर होती, आणि माझ्या खडूनं आक्कांचं माहेर बुडवलं होतं.

तसेच मागं फिरलो, तर उस्तादांनी कपाळाला हात लावला. दुसरा शॉकअप आमची पाठ वळताच खपला होता! घोडेगावच्याच बाजारातला एक बकऱ्यांचा दलाल, त्याचीही तीच फटफटी, त्याचाही एकच शॉकअप गेलेला. उस्तादांनी त्यालाही तोच सल्ला दिला होता. नवा माल महिन्यानं येणार. डॉक्टर मात्र एकदम टवटवीत झाले. "म्हंजे जोडी आमच्याच बाजारात हाय की!" आणि उद्याच बाजार होता.

दुसऱ्या दिवशी त्या धुळीत, त्या हंबरण्यात, आम्ही दलालाला हुडकत निघालो. बैलांची शिंगं चुकवत, म्हशींच्या शेपट्या खात मी धावत होतो, आणि डॉक्टर पुढं पुढं हात वर करून लोकांचे रामराम घेत होते. अखेर बाभळीखाली ती फटफटी सापडली, मागं दोन बोकड बांधलेले, आणि उजव्या अंगाला आपला नवा शॉकअप चमकतोय! शेजारी आडदांड दलाल पटका बांधत होता. डॉक्टरांनी रामराम घातला, त्या नव्या शॉकअपकडे बोट केलं आणि खांद्यावरचं उपरणं पुढं केलं. दलालानं त्याखाली हात घातला. ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथला सौदा तोंडानं होत नाही. कापडाखाली हातात हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना कळू नये. एकदा हात कापडाखाली गेला, की सौदा होईस्तोवर किंवा मोडेस्तोवर कुणी बोलायचं नाही. हा बाजाराचा कायदा, आणि डॉक्टरांनी तो जन्मात मोडला नव्हता.

सौदा चालला. उपरणं हले, थांबे, पुन्हा हले. दोघांची तोंडं दगडासारखी. दलालालाही आमचा नवा हवा होता हे उघड होतं, कारण त्याचीही फटफटी लंगडत असणार. भोवती गर्दी जमली. कुणीतरी विचारलं, "जनावर कुठंय?" मी फटफटीकडे बोट दाखवलं, तर तो माणूस गंभीरपणे तिच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिला. डॉक्टरांच्या कानशिलावरून घाम ओघळू लागला. दलालानं नकाराची मान हलवली. पुन्हा हलवली.

आणि डॉक्टर बोलले. हात कापडाखाली असताना, चारचौघांत, मोठ्यानं.

"हे बोटांनी सांगता येईना, म्हनून तोंडानं सांगतो. मंडळीला पाडलंय मी. वरीस झालं, तिला आई दिसली न्हाई. परवा भाऊबीज हाय."

माझ्या शेजारचा म्हातारा डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. दलालानं हळूच हात बाहेर काढला, उपरणं घडी करून डॉक्टरांच्या खांद्यावर टाकलं आणि खेकसला, "आदी तोंड उघडायला काय झालं हुतं, डाक्टर? माज्या मागं कोन बसतंय? बोकडं! तुमचा जुना मला द्या, माजा नवा तुमी घ्या." डॉक्टरांनी खिशात हात घातला, तर तो आणखीच भडकला. "ठिवा ते! बाईमानसाला माहेरी न्यायचं, आन् त्याचा सौदा करू व्हय मी?"

मग काय विचारता! पाने आले, पक्कड आली, कुणीतरी बैलगाडीचं वंगण आणलं. दोन फटफट्या शेजारी शेजारी उभ्या, आणि त्यांच्या शॉकअपची अदलाबदल करायला अख्खा बाजार वाकलेला. मी नट धरून बसलो होतो. विज्ञानाला त्या दिवशी तेवढंच काम मिळालं. नवी जोडी बसल्यावर चार पैलवान गड्यांनी सीट दाबून पाहिली. ती खाली गेली आणि सावकाश, एकसारखी वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मागं वळून उपरण्यानं बराच वेळ तोंड पुसत राहिले.

भाऊबीजेला मी आणि माझी बायको सकाळच्या एसटीनं जामखेडला पोचलो. सासुरवाडीचं घर अगदी रस्त्यावर. सासूबाई सकाळपासून दारात बसलेल्या, शेजारी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. दुपार कलली, तरी फटफटी येईना. आक्का बसायलाच तयार झाल्या नसतील, असं माझ्या मनात शंभरदा आलं. मेहुणा रस्त्यावर जाऊन बघून येई.

मग लांबून तो आवाज आला. फटफटी बैलगाडीच्या चालीनं येत होती, एकेक खड्डा चुकवत. आक्का मागं एका अंगानं बसलेल्या, गाल डॉक्टरांच्या पाठीवर टेकलेला, डोळे मिटलेले. डॉक्टरांचा एक हात हँडलवर, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी आक्कांचे दोन्ही हात आपल्या पोटाशी धरून ठेवले होते. सासूबाई उठल्या. मेहुणा हाक मारायला पुढं झाला, तर डॉक्टरांनी दुरूनच जोरजोरानं मान हलवली. वर्षभर उडालेली झोप आक्कांना आत्ता लागली होती, थांबलं असतं तर त्या जाग्या झाल्या असत्या. फटफटी दारावरून तशीच पुढं खर्ड्याच्या वाटेला गेली.

"निजली हाय ती," सासूबाई मेहुण्याचं मनगट धरून म्हणाल्या. "हाक मारू नगंस."

थोड्या वेळानं फटफटी वळून परत आली आणि पुन्हा दारावरून नगरकडे निघून गेली. मग पुन्हा आली. दर खेपेला सासूबाई उठत, रस्त्याच्या कडेपर्यंत जात, लेक हाताच्या अंतरावरून जाताना तिचं तोंड बघत आणि परत पायरीवर येऊन बसत. त्या काळी आमच्या घरात नवराबायको वडीलधाऱ्यांसमोर एका बाजेवरही बसत नसत, पण त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या खेपेला सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाळली लई," आणि पदर डोळ्यांना लावला. आवाज लांब गेला, बारीक झाला. आम्ही सगळे पायरीवर बसून तो पुन्हा वळायची वाट बघत राहिलो.